बारा फुटांवरचा फोर-के

वर्ध्यात हॉलची मांडणी माणसं करत नाहीत, कूलर करतो. ले-आउटातल्या प्लॉटवर घर उभं राहत असताना किचन कुठे, देवघर कोणत्या कोपऱ्यात, जिना आतून की बाहेरून, यावर महिनोन्‌महिने खल चालतो. वास्तुवाला येऊन चहा पिऊन जातो. मग एप्रिल लागतो. रस्त्याकडच्या खिडकीत लोखंडी स्टँडवर कूलर चढतो, त्याला नव्या ताट्या बसतात, पाण्याचा पाइप लागतो, आणि त्याचा वारा जिथे छातीवर येईल तिथे सोफा आपोआप सरकत जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या गावात सोफ्याला स्वतःचं मत नसतं. उरलेल्या भिंतींपैकी जिच्यात प्लगपॉइंट असेल ती टीव्हीची. दोघांच्या मध्ये जे अंतर उरेल ते उरेल. आमच्याकडे १२ फूट उरलं.

या १२ फुटांबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. यंदा भाचा पुण्याहून उन्हाळाभर घरून काम करायला म्हणून आला. बहिणीच्या घरी इंटरनेट रडतं, म्हणून मुक्काम आमच्याकडे. लॅपटॉपच्या पिशवीतून लॅपटॉप निघाला आणि कपड्यांच्या बॅगेतून, कपड्यांऐवजी, प्लेस्टेशन फाइव्ह निघालं. त्याने ते टीव्हीला जोडलं, दोन मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि घरात काहीतरी अशुभ घडल्याच्या आवाजात म्हणाला, "मामा, हा फुल एचडी आहे."

"मंग?" आबाजी म्हणाले. आबाजी म्हणजे माझे वडील. "फुल हाय तं चांगलंच हाय नं. हाफ असतं तं बोलला असता."

पण भाच्याचं समाधान झालं नाही. त्याचं म्हणणं, या यंत्रातून फोर-के बाहेर पडतं आणि आमच्या टीव्हीत ते मावत नाही. फुल एचडीत आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. फोर-केत ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. बरोबर चौपट. म्हणजे आपण दर सेकंदाला तीन चतुर्थांश चित्र नालीत सोडून देतोय, असा त्याचा आरोप होता. पाण्याच्या नासाडीवर आमच्याकडे कुणी इतकं पोटतिडकीने बोललेलं मला आठवत नाही.

जुना टीव्ही ३२ इंची होता, आणि तो ३२ इंची का होता तर शोकेसमध्ये तेवढीच जागा होती. शोकेस कडप्प्याचं. ते ज्या काळात बांधलं त्या काळात घरात २९ इंची डबा टीव्ही होता आणि तो जगाच्या अंतापर्यंत टिकेल अशा हिशेबाने गवंड्याने कप्पा केला होता. पुढे चपटे टीव्ही आले तेव्हा '२९ चा ३२ झाला' म्हणून आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पण टीव्ही कर्णात विकतात. कर्ण वाढला म्हणजे सगळं वाढलं असं होत नाही, हे दहावीच्या भूमितीनंतर कुणाच्या लक्षात राहतं? जुना पडदा चारास तीन या प्रमाणातला. काचेची कड चौकटीखाली जायची ती सोडली तरी उंची १६ इंचांच्या वर भरायची. नवा सोळास नऊचा, त्याची उंची पावणेसोळा इंचांच्या आत. म्हणजे मोठा टीव्ही आणला आणि बातम्या देणारी बाई बुटकी झाली. घरात हे कुणालाच कळलं नाही, कारण आम्ही लगेच रिमोटवरचं बटण दाबून चित्र दोन्ही बाजूंनी ओढून पडदा भरून टाकला. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या दिसल्या की पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. मग पुढे दोन-तीन वर्षं जुन्या मालिकांमधले सगळे नट ३३ टक्क्यांनी रुंद दिसत होते, आणि आमच्या घरी त्यावरचं मत एवढंच होतं की या लोकांचं बरं चाललेलं दिसतं.

असो. टीव्ही घ्यायला गेलो. बजाज चौकातून पुढे गेलं की टीव्ही-फ्रिजची दुकानं लागतात. दुकानाची रुंदी जेमतेम, दोन्ही भिंतींवर टीव्हीच टीव्ही, मधे चालायला बोळ. त्या बोळात तुम्ही कुठेही उभे राहा, समोरचा टीव्ही तीन फुटांवर असतो. सगळ्या पडद्यांवर एकच पोपट. पोपटाच्या पंखाचा केस न्‌ केस दिसतो, मधाचा थेंब चमच्यावरून ओघळतो, पिवळ्या फुलावर पाण्याचे थेंब. दुकानातल्या टीव्हीवर मी आजवर कधी बातम्या, कीर्तन किंवा पावसातली क्रिकेटची मॅच पाहिलेली नाही. वरून चित्राची सेटिंग 'व्हिव्हिड'वर, म्हणजे पोपट इतका हिरवा की खऱ्या पोपटाला न्यूनगंड यावा.

"भाऊ, हा घ्या," दुकानदार म्हणाला. "फोर-के हाय. झाडाचं एकएक पान दिसते."

"आणि हा बाजूचा?"

"हा फुल एचडी. याच्यात झाड दिसते."

यावर काय बोलणार? ४३ इंची फोर-के घेतला. शोकेसचा मधला कडप्पा फोडला. नवा टीव्ही भिंतीवर चढला, भाच्याने यंत्र जोडलं, दिवे घालवले आणि आम्ही सगळे सोफ्यावर बसून चौपट आनंदाची वाट पाहू लागलो. पडद्यावर जंगल होतं. झाडं दिसली.

"पानं पाहा," भाचा म्हणाला.

सगळ्यांनी डोळे बारीक केले. बायको म्हणाली, "हो, पहिल्यापेक्षा चांगलंच आहे." हे वाक्य ती नव्या कपबश्यांबद्दलही म्हणते. आबाजी म्हणाले, "मले तं सप्पा सारखंच दिसून राहिलं."

आबाजींवर सगळे हसले. पण त्या खोलीत ऑप्टिक्सच्या दृष्टीने बिनचूक बोलणारा तो एकच माणूस होता, आणि त्याला मोतीबिंदू आहे.

डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता असतो, वर एक धिप्पाड अक्षर आणि खाली उतरता उतरता मुंग्या, तो हर्मन स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली केला. त्या तक्त्याचं गणित साधं आहे. 'सहावर सहा'च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून पाहिलं तर त्याची एकेक रेघ डोळ्याशी एका कलेचा कोन करते, म्हणजे अंशाचा साठावा भाग. सहा मीटरवर ती रेघ पावणेदोन मिलिमीटरची असते. याहून बारीक दोन वस्तू शेजारी ठेवल्या तर चांगल्या डोळ्यालाही त्या मिसळून एकच दिसतात. सगळा फोर-के, एट-के, पुढे जे काय के येणार असतील ते, या एका कलेपाशी येऊन थांबतं.

आता हेच माप आमच्या सोफ्याला लावू. १२ फुटांवरून एक कला म्हणजे भिंतीवर एक मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. ४३ इंची पडद्याची उंची साडेत्रेपन्न सेंटिमीटर. भागाकार करा, उत्तर येतं ५०३. म्हणजे सहावर सहा डोळ्यांचा, चांगली झोप झालेला, मनात काही काळजी नसलेला माणूस आमच्या सोफ्यावर बसला तर त्याला २,१६० ओळींपैकी साधारण ५०० ओळींचेच पैसे वसूल होतात. दूरदर्शनची जुनी पद्धत ६२५ ओळींची, त्यातल्या ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या. म्हणजे आम्ही शोकेस फोडून, पोपट पाहून, हप्ते बांधून, ज्या जागी बसलो आहोत तिथून आमच्या डोळ्यांना दूरदर्शनच्या काळातल्या ओळीसुद्धा पूर्ण मोजता येत नाहीत.

आबाजींचा हिशेब याहून सोपा. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा त्यांची नजर सहावर अठरा निघाली. म्हणजे इतरांना एक कला पुरते तिथे त्यांना तीन लागतात. १२ फुटांवरून ४३ इंची पडद्यावर त्यांना आडव्या ओळीत जेमतेम ३०० ठिपके वेगळे दिसतात. १९८५ सालचा मूळ मारिओ ज्या यंत्रावर चालायचा त्याचं चित्र आडवं २५६ ठिपक्यांचं. आबाजी थोडक्यात मारिओच्या काळात राहतात आणि तिथे त्यांचं छान चाललं आहे. ऑपरेशन करून घ्या म्हटलं की म्हणतात, "कायले? दिसते नं सारं."

मारिओवरून आठवलं. नव्वदच्या दशकात 'टर्मिनेटर', 'लिटल मास्टर' अशा नावांचे खेळाचे डबे मिळायचे. आत जपानी निन्टेंडोच्या यंत्राची नक्कल, वर पिवळी नाहीतर काळी कॅसेट, आणि कॅसेटवर लिहिलेलं '९९९९९ इन १'. लावून पाहिलं की पाच-सहा खेळ असत आणि तेच पुन्हा पुन्हा येत. तेव्हा पडद्यापासून किती लांब बसायचं हा प्रश्नच नव्हता, कारण रिमोटची वायर आखूड होती. खेळाचा डबा टीव्हीखाली, वायर दोन हात, आणि त्या वायरीच्या टोकाला आम्ही, मान वर करून. मागून आईचा आवाज, "डोळे फुटतीन, मांगं सरक!" मागं सरकलं तर डबाच टेबलावरून खाली यायचा.

तीन फुटांवरून २५६ ठिपके खरं तर विटांसारखे दिसायला हवेत. दिसत नसत. कारण डबा टीव्हीत ठिपका असा काही नसायचाच. मागून इलेक्ट्रॉनचा झोत ओळी ओढत जायचा, काचेच्या आतला लेप उजळायचा, शेजारचे रंग एकमेकांत थोडे पाझरायचे. त्यात लाल-पिवळ्या पिनांची वायर आणखी थोडं फासून द्यायची. खेळ काढणारे चित्रकार हे पाझरणं हिशेबात धरूनच काम करत. सेगाच्या 'सॉनिक'मधला धबधबा म्हणजे नुसत्या उभ्या रेघा, एक आहे एक नाही. जुन्या टीव्हीवर त्या एकमेकांत मिसळून पारदर्शक पाणी होई. आजच्या कोऱ्या करकरीत पडद्यावर तोच धबधबा पायजम्याच्या पट्ट्यांसारखा दिसतो. ठिपके स्वच्छ झाले आणि पाणी गेलं.

बदकं मारायच्या खेळातली बंदूक तर केवळ त्या काचेवरच जगायची. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा, आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन. बंदुकीतून काही सुटत नसे. उलट बंदुकीच्या नळीतच डोळा होता आणि तो 'समोर पांढरं दिसलं का' एवढंच बघायचा. दिसलं की बदक खाली. नव्या टीव्हीत चित्र यायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात बंदूक डोळा मिटून मोकळी होते, म्हणून बदकं अमर झाली आहेत. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण बंदूक काचेला टेकवून चाप ओढला तर नेम चुकत नाही एवढं शास्त्र गल्लीतल्या प्रत्येक पोराला कळलं होतं. पाहण्याचं अंतर शून्य. त्याहून चांगली 'पिक्चर क्वालिटी' पुन्हा पाहायला मिळाली नाही.

तसं अंतराचं गणित वर्धा जिल्ह्याला नवीन नाही. सेवाग्रामला चरख्याच्या आवारात भंगार लोखंडातून घडवलेले गांधींचे आणि विनोबांचे पुतळे आहेत. रस्त्यावरून पाहिलं तर बापू. फोटो काढायला जवळ जावं तर लोखंडाचे तुकडे, जोडकाम, पत्रा. लोक जवळ जातात, हात लावतात, 'अरे, हे तर भंगार आहे' म्हणतात आणि पुन्हा मागे येऊन बापूंसोबत सेल्फी काढतात. कुठे उभं राहायचं हे तिथे पाय ठरवतात. टीव्हीच्या बाबतीत मात्र पाय सोफ्यावर असतात आणि सोफा, सांगितलंच, कूलरच्या ताब्यात.

भाच्याने दुसऱ्या दिवशी टेप आणून माप घेतलं आणि मोबाइलवर हिशेब केला. अमेरिकेतल्या चित्रपट-टीव्ही इंजिनिअरांच्या संस्थेचा जो दंडक सांगितला जातो, त्याप्रमाणे पडदा नजरेच्या ३० अंशांत भरावा. टीएचएक्सवाले ४० म्हणतात, पण ते थिएटरवाले, त्यांच्याकडे कूलर नसतो. ३० अंश धरले तरी ४३ इंची पडद्यासाठी माणसाने पावणेसहा फुटांवर बसायला हवं. आणि बसायचं १२ फुटांवरच असेल तर टीव्ही ८८ इंची हवा, साडेसहा फूट रुंद.

"८८ इंचाचा टीव्ही घेऊ," भाचा म्हणाला.

"भिंत कोनाची?" आबाजींनी विचारलं. साडेसहा फूट रुंद टीव्ही त्या भिंतीवर लावला तर अर्धा किचनच्या दारावर येतो.

माझं मत विचाराल तर यातली खरी गंमत अजून पुढेच आहे. एवढं सगळं करून ते प्लेस्टेशन बहुतेक खेळांत ८२ लाख ठिपके काढतच नाही. सेकंदाला ६० चित्रं काढायची तर ते दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपके होतात, प्रत्येकाला ऊन, सावली, धूर, पाण्यातलं प्रतिबिंब. म्हणून ते कमी ठिपक्यांचं चित्र काढतं आणि मधले ठिपके हुशारीने अंदाजपंचे भरतं. गर्दीचा प्रसंग आला की आणखी कमी काढतं, मोकळं आभाळ आलं की वाढवतं. पेटीवर सुरुवातीला ८के असंही छापलेलं होतं, पुढे ते कंपनीनेच काढून टाकलं. म्हणजे यंत्र थोडे ठिपके काढून त्यांचे खूप करतं, टीव्ही ते सगळे मन लावून दाखवतो, आणि आमचा सोफा त्यांचे पुन्हा ५०० करतो. या सगळ्या व्यवहारात सुमारे २०० वॅट वीज जाते, कूलर खातो साधारण तेवढीच. एक यंत्र गरम हवा सोडतं, दुसरं गार. वीज गेली की इन्व्हर्टरवर दोन्ही एकदम चालत नाहीत आणि त्या वेळी घरात जे मतदान होतं त्यात प्लेस्टेशनचं डिपॉझिट जप्त होतं.

भाच्याची बाजू अगदीच लंगडी नाही, हेही सांगायला हवं. एका कलेचा दंडक शेजारच्या दोन रेघांचा. तिरप्या रेघेतली पायरी, म्हणजे रेघ किंचित सरकली आहे एवढंच, डोळा त्याहून कितीतरी बारीक पकडतो. आणि खेळातलं चित्र सिनेमासारखं नसतं. कॅमेऱ्यात ठिपक्याएवढ्या जागेतला सगळा प्रकाश गोळा होऊन त्याची सरासरी पडते. खेळातलं यंत्र मात्र ठिपक्याच्या मधोमध एकच टोक टेकवून बघतं, तिथे तार आहे की आभाळ? तार ठिपक्यापेक्षा बारीक असेल तर कधी सापडते, कधी निसटते. म्हणून गाडी चालू लागली की विजेच्या तारा तुटक तुटक लुकलुकतात, कुंपणाची जाळी रांगते, कौलारू छप्पर उकळतं. हे १२ फुटांवरूनही दिसतं. आबाजींनाही दिसलं. "तिकडे काय चमकून राहिलं बे? मुंगळे हायेत का?" ठिपके वाढवले, किंवा कडा गुळगुळीत करायची युक्ती चांगली असली, तर हे मुंगळे कमी होतात. तेव्हा फोर-केचा उपयोग पानं दिसण्यात कमी आणि मुंगळे न दिसण्यात जास्त. पण 'मुंगळे कमी' असं लिहून टीव्ही विकला जात नाही.

मग अक्षरांचा प्रश्न. खेळात हल्ली वाचायला फार असतं. इकडे जा, तिकडून किल्ली आण, म्हातारीला भेट, आणि हे सगळं खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढं. खेळ करणारा माणूस टेबलावर पडदा ठेवून दोन फुटांवरून काम करतो, त्याला सगळं स्वच्छ दिसतं. २००६ साली 'डेड रायझिंग' नावाचा खेळ आला तेव्हा जुन्या डबा टीव्हीवाल्यांना त्यातली अक्षरं वाचताच येईनात, जगभर बोंब झाली होती. आता अक्षरं मोठी करायची सोय बहुतेक खेळांत असते, फक्त ती सोय कुठे आहे हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आमच्याकडे यावर तोडगा असा निघाला की भाचा खेळतो आणि बायको चष्मा लावून पडद्याजवळ जाऊन सूचना मोठ्याने वाचते. "हे बघ, पुलाखाली जा म्हणून लिहिलंय. जा ना मग, काय उभा राहिलास?" तिला खेळ आवडत नाही, पण कुणाला पुलाखाली धाडण्याचा अधिकार आवडतो.

शेवटी भाच्याने प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि टीव्हीपासून चार फुटांवर जाऊन बसला. तिथून फोर-केचा खराच फरक पडतो. पानं दिसतात, पानांवरच्या शिराही दिसतात. अडचण दोन गोष्टींची झाली. एक, कूलरचा वारा तिथपर्यंत पोचत नाही, त्यामुळे पंधरा मिनिटांत हातातला रिमोट घामाने निसटायला लागला. दुसरी अडचण भूमितीची. सोफ्यापासून आठ फुटांवर असलेलं माणसाचं डोकं, १२ फुटांवरच्या पडद्यावर जवळजवळ पाव रुंदी झाकतं. आम्हाला पडद्याचे पाऊण भाग जंगल आणि पाव भाग भाचा दिसू लागला.

"पोराच्या डोक्यात कोंडा झाला बाप्पा," आबाजी म्हणाले. ६/१८ नजरेला १२ फुटांवरचं एवढं दिसलं हा माझ्या सगळ्या हिशेबाला धक्का होता. नंतर कळलं, ते सकाळी त्याच्या शेजारी जेवायला बसले होते.

इकडे जिल्हाभर पोरं मजेत खेळतायत ती फोनवर. आर्वीच्या एसटीत, हिंगणघाटच्या स्टँडवर, पुलगावच्या फलाटावर, कॉलेजच्या पायऱ्यांवर. २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तेव्हा काही दिवस गावात सुतक होतं, पुढच्या जुलैत नाव बदलून खेळ परत आला. यातली तरबेज पोरं चित्राची सेटिंग मुद्दाम 'स्मूद'वर, म्हणजे सगळ्यात साध्यावर ठेवतात. गवत सुंदर दिसून काय करायचंय, चित्र अडखळायला नको आणि समोरच्याच्या आधी गोळी सुटली पाहिजे. ठिपक्यांचा हव्यास नाही, आणि तरी ठिपक्यांच्या बाबतीत सगळ्यात श्रीमंत तेच. साडेसहा इंची फोनवर इंचाला ४०० ठिपके, आणि एका फुटावरून तीनशेच्या पलीकडचे डोळ्याला कळतही नाहीत. मी सहज कोन काढून पाहिला. एका फुटावर आडवा धरलेला तो फोन नजरेचे २८ अंश व्यापतो. आमचा ४३ इंची, १२ फुटांवरून, १५ सुद्धा नाही. म्हणजे एसटीत खिडकीशी बसलेल्या पोराच्या हातात आमच्या भिंतीवरच्या टीव्हीच्या जवळजवळ दुप्पट टीव्ही आहे, आणि त्यासाठी त्याने कोणतंही शोकेस फोडलेलं नाही.

हे गणित मी भाच्याला दाखवलं. तो इंजिनिअर असल्यामुळे रागावला नाही, त्याने फक्त फोन काढला. प्लेस्टेशनचं चित्र घरातल्या वायफायवरून फोनवर आणायची सोय असते, ती त्याने चालू केली. तेव्हापासून यंत्र शोकेसमध्ये धगधगत असतं आणि हा सोफ्यावर आडवा पडून, कूलरच्या ऐन वाऱ्यात, फोन नाकासमोर धरून खेळतो. फोनवर येतं ते फुल एचडी, म्हणजे ज्याच्यावरून एवढं सगळं झालं तेच. पण पानं दिसतात म्हणे. सूचना स्वतःच वाचता येतात, त्यामुळे बायकोची नोकरी गेली.

८२ लाख ९४ हजार ४०० ठिपक्यांचा टीव्ही आता आबाजींकडे आहे. संध्याकाळी सातला ते कीर्तन लावतात. परवा न राहवून मी विचारलं, "आबाजी, चित्र कसं वाटते?"

"चित्राले काय झालं? चांगलंच हाय," ते म्हणाले. "आवाज वाढव थोडा. या कूलरच्या घरघरीत बुवा काय बोलून राहिले, कायच आयकू येत नाही."